सासरवाडीचा सिग्नल

“साडूभाऊ, चाळणी आजून जराशी वर करा ना!” पुना ओरडला आणि जमलेला गाव हसला.

चाळणी म्हणजे आकाशातल्या उपग्रहाचा सिग्नल धरणारी जाळीची मोठी छत्री. आधारनं ती शाळेच्या पटांगणात मावळतीकडे तोंड करून उभी केली होती. तो धुळ्याला सरकारी वर्कशॉपात वायरलेस दुरुस्त करायचा. साक्रीकडच्या या भागाला टीव्हीचा एकच संच मिळणार होता. तो या गावाला द्यायचा की ओढ्यापलीकडच्या, हे आधारच्या मोजणीवर ठरणार होतं. हे गाव त्याची सासरवाडी. पण मिरवत होता पुना, धाकटा जावई. त्याची गावातच पिठाची गिरणी होती.

“आरसासारखं चित्र दिखी!” पुना लोकांना सांगत होता. जसा काही उपग्रह त्यानंच वर टांगला होता.

दुपारी सासूबाई भागाबाईंनी पुरणाचे मांडे केले. तुपाची धार आधारच्या पानात पडली आणि थांबली. पुनाच्या पानात पडतच राहिली.

“खाय ना बेटा,” त्या पुनाला म्हणाल्या. मग पदर सावरून आधारकडे वळल्या. “जवाईबापू, येई का हो ते चित्र आठे? मी उभा जन्ममा सिनेमा नही देखा.”

“बघतो, मामी.”

मान थोरल्याला आणि माया धाकट्याला! लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आधारला या घरात कुणी कधी ‘बेटा’ म्हटलं नव्हतं. तो अर्धं पान तसंच टाकून मोजणीला उठला.

सिग्नल गरजेपेक्षा जास्तच येत होता. दोन्ही गावांत मीटरचा काटा सारखाच चढला होता. पण त्या जास्तीतून वाऱ्यासाठी, गंजणाऱ्या जाळीसाठी, पडणाऱ्या व्होल्टेजसाठी काहीतरी वजा धरायचं असतं, आणि ते किती धरायचं हे मोजणाऱ्याच्या अकलेवर सोडलेलं असतं. मग उरते ती शिल्लक; ज्या गावाची जास्त, त्याला संच. ओढ्यापलीकडच्या गावासाठी आधारनं वाजवी वजा केलं. इथं वाऱ्यासाठी थोडं जास्त धरलं. जाळीसाठी आणखी थोडं. शेवटी पावसासाठीही धरलं. या लहरींना पाऊस अडवत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शिल्लक जवळजवळ संपली. पुनाचं तोंड एकदा पडलेलं बघायचं, एवढंच त्याला हवं होतं.

संच पलीकडे गेला. पुनाचं तोंड काही पडलं नाही. “नही ते नही. तठे जाई देखसू,” म्हणाला आणि गाडीला बैल जुंपून सासूबाईंना घेऊन गेला.

पुढे संच तपासायला आधार पलीकडच्या गावी गेला. संध्याकाळ होती. वारा सुटला होता, बारीक पाऊस शिंतडत होता. शाळेच्या ओट्यावरच्या पडद्यावर चित्र जराही हलत नव्हतं. पुढं त्या गावचे लोक आणि सगळ्यांच्या मागे, चिखलाच्या कडेला, पोत्यावर भागाबाई.

“आक्का, तुमना गावले का बरं नही दिना टीव्ही?” शेजारची बाई त्यांना विचारत होती.

“आमना गावमा चित्र येसच नही,” भागाबाई ठसक्यात म्हणाल्या. “आमना मोठा जवाईनी मोजं. धुळाना साहेब ते! सरकारनी त्यास्नंच आयकं.”

मागं उभा आधार एक पाऊल मागे सरला. पुनानं त्याला पाहिलं. झटकन खांद्यावरचा टॉवेल काढून त्यानं चिखलावर अंथरला. “बसा साडूभाऊ.”

आधार बसला. तिथून पडदा दिसत नव्हता, माणसांच्या पाठीच दिसत होत्या. भागाबाई मात्र गुडघ्यांवर उभ्या राहून, मान ताणून, दोन डोक्यांमधल्या फटीतून बघत होत्या.