एकाच नळीत

तान शूलानने कागद वाचला, चष्मा काढला आणि कागद होता तसा परत सरकवला.

"मी सही करणार नाही, साहेब."

संचालक थोंग यांनी चहाच्या पेल्यावरचं झाकण उचललं, पुन्हा ठेवलं. कागदावर दोनच ओळी होत्या. मंगळवारी भट्टी हजार अंशांपर्यंत तापलीच नव्हती, आणि चूक भट्टी चालवणाऱ्या शूलानची. चीनमधल्या बाओतोऊच्या त्या संशोधन संस्थेत एकतीस वर्षं तिने भट्टी सांभाळली होती; झाडूवाल्यापासून सगळे तिला शिफू म्हणत, म्हणजे हातात कसब असलेली वडीलधारी. निवृत्तीला तीन महिने उरले असताना तिने आपल्याच हाताने आपल्या तोंडाला काळं फासावं, एवढीच अपेक्षा होती.

समेरियम, लोखंड आणि कार्बन यांचा चुंबक जोरकस होतो, पण सहा-सातशे अंशांवर मोडतो आणि लोखंड मोकळं सुटतं. थोंग साहेबांनी हे छापून आणलं होतं, त्यावरच संचालकाची खुर्ची मिळाली होती. सारनाय नावाच्या नव्या संशोधिकेने त्यात गॅलियम मिसळलं. तळहातावर ठेवलं तरी वितळणारा धातू तो! आणि मंगळवारी तिचा तुकडा हजार अंशांतून शाबूत बाहेर आला. साहेबांना ते पचेना. मग खोटी कोण, तर भट्टी. सारनायने काल रडत विनवलं होतं की शिफू, सही करून टाका, मी दुसरा विषय घेते. शूलानने तिला झापलं होतं.

"तुमचा जुना तुकडा द्या," शूलान आता म्हणाली. "तो आणि पोरीचा, दोन्ही एकाच नळीत घालते. भट्टी थंड असेल तर दोन्ही जसेच्या तसे राहतील. तापली तर तुमचा मोडेल. तिच्याचं काय होतं, ते बघूच."

"आणि तुकडे बदलले गेले तर?"

"म्हणूनच तुम्ही समोर बसायचं."

तिने दोन्ही तुकड्यांच्या मध्ये पत्रा घातला, क्वार्ट्झ काचेच्या नळीतली हवा ओढून ज्योतीवर तिचं तोंड बंद केलं. नळी भट्टीत गेली तेव्हा दुपारच्या झोपेची वेळ झाली होती. सगळ्या संस्थेत खाटा उलगडल्या गेल्या, दिवे मालवले गेले. वीस वर्षांत साहेबांची ही झोप चुकली नव्हती. बाँब पडला असता तरी ते आधी झोप आटोपून मग धावले असते, असं लोक म्हणत. आज ते स्टुलावर बसले आणि पाऊण तासात त्यांची मान छातीवर आली.

शूलानने त्यांच्या स्टुलाला पायाने ढोसलं.

"जागे राहा. नंतर म्हणाल, बाईने डोळा चुकवला."

साहेब ओशाळून ताठ बसले. हजार अंशांचा काटा त्यांनी स्वतः वाचला, आणि तासाभराने तिने लालबुंद नळी पाण्यात सोडली तीही त्यांच्या नजरेसमोर.

एक्स-रे तपासणीच्या आलेखाच्या पट्ट्या संध्याकाळी आल्या. जुन्या तुकड्याच्या पट्टीवर मोकळ्या लोखंडाचा सुळका उभा होता. सारनायच्या पट्टीवर त्या जागी काही नव्हतं. साहेबांनी दोन्ही पट्ट्या खिडकीपाशी नेऊन पाहिल्या. मग त्यांनी टेबलावरचा तो कागद उचलला आणि फाडायला घेतला.

"थांबा," शूलान म्हणाली.

तिने तो त्यांच्या हातून काढून घेतला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर सावकाश लिहिलं: तारीख, हजार अंश, एक तास, जुना मोडला, सारनायचा टिकला. खाली आपलं नाव घातलं. त्या नावाशेजारी तिने तेवढीच जागा सोडली.

साहेब खिसे चाचपू लागले. पेन सापडत नाही म्हणाले.

शूलानने बाहीवरच्या खिशातून आपलं पेन काढलं, टोपण उघडून त्यांच्यापुढे धरलं, आणि हात मागे घेतला नाही.