थांबा, उठू नका

मी टेपरेकॉर्डर बोलतोय. बोलतोय कसला, घरघरतोय! माझ्या पोटातला रबरी पट्टा सैल पडलाय, आणि पट्टा सैल पडला की आमचा गळाच बसतो. तरी ऐका, कारण एका माणसाचा आवाज फक्त माझ्याकडेच उरलाय.

मला घरी आणलं एका टर्नरने. वर्षानुवर्षं कारखान्यात लेथसमोर उभं राहून त्याचा डावा कान कामातून गेलेला. पण रॉक, ब्लूज, जॅझ म्हटलं की हा गडी उजव्या कानाने जे टिपायचा, ते दोन कानवाल्यांना जमायचं नाही. शनिवारी संध्याकाळी कारखान्यातले तिघे-चौघे यायचे. गाणं संपलं की ते चहासाठी उठायला बघायचे, आणि हा हात आडवा करून म्हणायचा, "थांबा, उठू नका." मग त्या वाजवणाऱ्याची कुंडलीच मांडायचा.

"ड्रमवाला ऐकलात? मारतो त्याचं कौतुक नाही. हात कुठे राखतो ते बघा. आपल्या लेथसारखंच आहे बाबांनो, एक काप जादा बसला की तुकडा भंगारात!"

एका म्हाताऱ्या सॅक्सोफोनवाल्याबद्दल म्हणाला होता, "याचा श्वास अपुरा पडतोय, आणि बेटा लपवत नाही. म्हणून तो मोठा."

एक गाणं, मग त्याचं बोलणं, असं मी टिपत गेलो. एकवीस कॅसेटी भरल्या. त्याची लेक कुरकुरायची, "बाबा, गाण्यापेक्षा तुमचंच पुराण जास्त!" तो खो-खो हसायचा.

मग त्याच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तो बाविसावी कॅसेट भरत होता, आणि माझा पट्टा घसरला. फीत आत गुंडाळली, झाकण उघडेना. "आल्यावर बघतो तुझ्याकडे," असं दरडावून तो गेला. माझ्याशी त्याचं बोलणं तेवढंच राहिलं. परत आला तेव्हा त्याच्या गळ्याला भोक होतं आणि हातात पाटी.

लेकीने त्याच्यासाठी नवा स्पीकर आणून ठेवला होता. एकवीस कॅसेटी दुकानात देऊन गाणी उतरवून घेतली होती. बाप खुर्चीत बसला. पहिलं गाणं संपलं. सवयीने त्याचा हात आडवा झाला. तेवढ्यात दुसरं गाणं सुरू झालं.

त्याने पाटीवर लिहिलं, 'मी कुठे आहे?'

"दुकानदाराने विचारलं, मधली बडबड ठेवू की काढू? मी म्हटलं, काढा. तुम्हाला नुसती गाणी..." बोलता बोलता पोरीच्या तोंडचं पाणी पळालं. तशीच धावत दुकानात गेली. जुन्या कॅसेटी ठेवून काय करू म्हणून दुकानदाराने केव्हाच कचऱ्यात टाकल्या होत्या.

ती रडत परतली. बाप रागावला नाही. त्याने फक्त माझ्याकडे बोट दाखवलं.

तिने स्क्रू काढले, चुरगळलेली फीत बोटांनी सरळ केली, पेन्सिलीने गुंडाळली आणि बटण दाबलं. मी जीव तोडून फिरलो. पण सैल पट्ट्यामुळे आवाज निघाला जाड, ओढल्यासारखा, कुणा परक्याचा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बापाने लिहिलं, 'हा मी नव्हे.' आणि तो दाराकडे निघाला. नेमकं तेव्हाच माझ्यातून आलं, "थांबा... उठू... नका..."

तो उंबऱ्यावर थांबला. पण मागे वळला नाही.

दोन महिन्यांत तो गेला. दुरुस्तीवाल्याने हात वर केले, म्हणाला, "ताई, या मापाचे पट्टे आता येत नाहीत." तरी लेक दर शनिवारी संध्याकाळी माझ्यासमोर बसते आणि बटण दाबते. दर वेळी मी थोडा आणखी मंद होतो. तुमच्या घरात एखादा बंद पडलेला टेपरेकॉर्डर असेल, तर भंगारात देण्याआधी त्याचा पट्टा तेवढा काढून ठेवा हो. मला गाणी नकोत, हे तीन शब्द तेवढे नीट म्हणू द्या.

आज मी "थांबा..." एवढंच म्हणू शकलो. पुढचं निघेना. दिवे लागायची वेळ झाली, पोर अजून बसून आहे.