बाराव्या भागाची जागा

मित्रांनो, माझ्याकडे पाहून कोणी थबकत नाही. मी पुस्तकांची एक जुनी फळी आहे, आणि तीही सागवानी नव्हे, साधी देवदारी. दोन्ही टोकांना उभे तुकडे ठोकलेले आणि पाठीवर अर्धवट पुसला गेलेला एक काळा आकडा. माझ्यावर अकरा पुस्तकं आहेत आणि बाराव्याची जागा रिकामी आहे. ती रिकामी का राहिली, एवढंच मला सांगायचं आहे. गोष्ट सुखाची नाही, हे आधीच सांगून ठेवते. मागाहून तक्रार नको.

जन्माने मी खोकं. खडकीच्या कारखान्यातला दारूगोळा पोटात घेऊन कुठल्या कुठल्या डेपोंत जाऊन आले आणि एका कडेला फुटले, तशी भंगारात निघाले. लिलावातलं ते लाकूड खडकी बाजारातल्या अकबरभाईंनी उचललं. त्यांच्या दुकानात मी दोन वर्षं भिंतीला टेकून उभी होते. तिथे २००९ साली दशरथराव आले. ते त्याच कारखान्यात टर्नर होते, लेथवर काम करायचे. त्यांनी माझ्या पाठीवरचा आकडा वाचला आणि म्हणाले, "अकबरभाई, हे आमच्याच शॉपचं खोकं. हे द्या."

"चुलीला हवंय?"

"नाही हो. निकीच्या पुस्तकांना."

निकी म्हणजे निकिता, त्यांची एकुलती मुलगी. अकबरभाईंची रुकसाना तिची वर्गातली मैत्रीण. त्या दोघींनी मिळून एक इंग्रजी पुस्तक आणलं होतं. मूळ जपानी, अद्भुत राज्याची कादंबरी, मधूनमधून चित्रं असलेली. नाव होतं 'राखेचा दरवाजा'. मागच्या पानावर लिहिलं होतं की ही कथा बारा भागांत पूर्ण होईल.

छापलेल्या शब्दावर दशरथरावांचा फार विश्वास. त्यांच्या घरात कपड्यांना कपाट नव्हतं, पण बाबासाहेबांच्या तसबिरीखालची जागा पुस्तकांसाठी राखलेली होती. त्यांनी पहिल्या भागाची जाडी कॅलिपरने मोजली. ती भरली बावीस मिलिमीटर. तिला बाराने गुणलं, वर दोन सूत, म्हणजे पाव इंच, ढिलाई ठेवली आणि तेवढीच मला कापली. कांताबाई म्हणाल्या, "अहो, थोडी मोठी ठेवा की. दुसरी पुस्तकं येतील."

"दुसऱ्यांना दुसरी करीन. बारा म्हटलंय ना त्याने? मग बाराचीच."

लेखकाने केलेला वायदा एका कामगाराने लाकडात उतरवला. मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. आता तो आठवला की वाईट वाटतं.

पहिली काही वर्षं मात्र खरोखर छान होती. निकी पुस्तक वाचून परत ठेवायची तेव्हा ते हाताने ऊबदार झालेलं असायचं, कोपरे दुमडलेले, एखाद्या पानावर शेंगदाण्याच्या चटणीचा डाग. रविवारी मटणाचं जेवण झालं की दशरथराव भिंतीला टेकून बसत आणि निकी त्यांना गोष्ट सांगे. इंग्रजी अक्षरं त्यांना ओळखू येत, खोक्यांवर रोजच पाहत होते ती. पण वाक्य लागत नसे. म्हणून सारा भरवसा निकीच्या तोंडावर.

नायक होता नोव नावाचा पोरगा, आणि पाण्याला भिणारी सेरेल. पण दशरथरावांना त्या दोघांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना हवा होता हाबेक. हाबेक म्हणजे एका कानाने बहिरा झालेला म्हातारा लोहार. त्याने राजाला तलवार करून द्यायला नकार दिला होता, आणि राखेचा दरवाजा ज्या बिजागरीवर कायमचा मिटणार होता, ती बिजागरी त्यानेच शेवटी घडवायची होती. पहिल्याच भागात तसं वचन होतं. दशरथरावांचाही डावा कान कारखान्यात गेलेला. हाबेकचं नाव आलं की ते उजवा कान पुढे करत.

"भट्टी पेटवली का त्याने?"

"पेटवली."

"मग पाणी कशाचं दिलं? लाल लोखंड बुडवलं कशात, साधं पाणी, की तेल?"

"बाबा, तसं पुस्तकात नसतं हो."

"असायला पाहिजे. पोलादाचं सगळं त्यावरच असतं."

मग निकी काहीतरी ठोकून द्यायची. "तेल," ती म्हणायची आणि दशरथराव समाधानाने मान हलवायचे. आतून कांताबाई विचारायच्या, "त्या म्हाताऱ्याला कोणी जेवायला घालतं की नाही?"

सहाव्या भागापासून काहीतरी बिनसलं. मला वाचता येत नाही, पण वजन कळतं. पुस्तकं बारीक होत गेली. लेखक कामचुकार झाला तशी माझ्यावरची फट वाढू लागली. निकी आता भाग दोन दिवसांत परत ठेवायची, पाठीवर एक घडीसुद्धा न पडलेला. रुकसाना आली की दोघी माझ्याखाली बसून लेखकाचं पोस्टमॉर्टेम करायच्या.

"सेरेल पाण्याला भिते ना ग? मग या भागात समुद्र पोहून गेली ती?"

"पोहली. विसरली असेल भ्यायचं."

"आणि मेलेला भाऊ परत आला."

"येणारच. दर भागात एक नवी तलवार आणि एक जुना मेलेला, फ्री."

दोघी हसायच्या, पण निकीच्या हसण्यात गंमत नव्हती. सोळाव्या वर्षी जिच्यावर जीव टाकला ती सेरेल आता नोवच्या मागे हिंडणाऱ्या सात-आठ मुलींपैकी एक झाली होती. सगळ्या सारख्याच बोलायच्या, सारख्याच लाजायच्या. ज्या माणसांना आपण घरचं मानलं त्यांना त्यांच्याच लेखकाने वाऱ्यावर सोडावं, याचं निकीला खरोखर दुःख झालं होतं.

नवव्या भागात तर हाबेक नव्हताच. रुकसाना दारातच म्हणाली, "हाबेक कुठेय? एकदाही नाव नाही. लेखक विसरला वाटतं त्याला."

"हळू बोल. बाबा आहेत."

त्या रविवारी दशरथरावांनी उजवा कान पुढे केला. निकीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सांगायला लागली, की हाबेक डोंगरात गेला, जुन्या नांगराचे फाळ गोळा केले, आणि त्यातून बिजागरीचा पहिला तुकडा काढला. दशरथराव रंगून गेले. दहाव्या भागालाही तिने तसंच केलं. मला तिचं कौतुक वाटलं. बाप फसला, असं मीही समजले.

एक सांगायचं राहिलं. निकी बाहेर गेली की दशरथराव कानावरची पेन्सिल काढून भाग घेऊन बसत आणि एकेक पान उलटत. कांताबाई विचारत, "काय पाहता एवढं?" "चित्रं," ते म्हणत. आम्हाला दोघींनाही ते खरं वाटलं.

तोवर निकी खराडीला सॉफ्टवेअर टेस्टर झाली होती. दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि कंपनीच्या बसमध्ये दीड-दीड तास डुलक्या घ्यायच्या. अकरावा भाग तिने त्या बसमध्येच वाचला. रविवारी गोष्टीच्या वेळी आली ती चिडूनच. पुस्तक माझ्यावर आदळलं.

"मग? हाबेकचं काय झालं?" दशरथरावांनी विचारलं.

"फितूर निघाला तुमचा हाबेक."

"काय?"

"पहिल्या भागापासून शत्रूचा माणूस होता म्हणे. बिजागरी वगैरे सगळं नाटक. काही अर्थ नाही बाबा, लेखकाला जे सुचेल ते. बास झालं. मी नाही वाचणार यापुढे."

"निके, नीट सांग की त्यांना," कांताबाई म्हणाल्या.

"काय नीट सांगू? जे आहे ते सांगितलं."

दशरथरावांनी आदळलेलं पुस्तक माझ्यावर सरळ उभं केलं. मग एवढंच म्हणाले, "त्या लेखकाने आधी माप घ्यायला हवं होतं."

नंतर वर्षभराने त्यांनी विचारलं, "बारावा आला का ग?"

"आला. घेणार नाही मी."

"बरं."

पुढच्या रविवारी जेवण झाल्यावर ते नेहमीसारखे भिंतीला टेकून बसले. निकी मोबाइल पाहत होती. त्यांनी पुन्हा विचारलं, "बाराव्यात काय असेल मग?"

"मला काय माहीत, बाबा? वाचलाच नाही तर."

त्यांनी परत कधी विचारलं नाही. जाता-येता माझ्या रिकाम्या जागेवर मात्र बोट फिरवत, धूळ पुसल्यासारखं. निवृत्तीला चार महिने उरले असताना कारखान्याच्या गेटवरच छातीत कळ आली आणि ते गेले.

कारखान्याचं क्वार्टर सोडायची वेळ आली. सामान बांधायला रुकसाना आली होती. निकी म्हणाली, "ही पुस्तकं तुझ्या अब्बांकडे रद्दीत जाऊ देत. मला डोळ्यांसमोर नकोत." आणि तिने पहिला भाग उचलला, तो हातातच उघडला.

पानावर एका शब्दाखाली पेन्सिलची बारीक रेघ होती. पुढच्या पानावर तशीच. रुकसानाने वाकून पाहिलं. "निकी, हे सगळीकडे हाबेक आहे."

वाक्य न लागणाऱ्या माणसाने त्या एका नावाची अक्षरं ओळखीची करून घेतली होती आणि प्रत्येक भागात, प्रत्येक पानावर त्याला शोधून काढलं होतं. शेवटच्या कोऱ्या पानावर, कारखान्यात माल तपासून लिहितात तशी नोंद: 'हाबेक एक्केचाळीस जागी.' दुसऱ्यात तेहतीस. निकी घाईघाईने एकेक भाग उघडत गेली, आणि नववा हातात आल्यावर थांबली. उघडायचं धाडस तिला होईना. शेवटी रुकसानाने उघडला आणि वाचून दाखवला.

'एकाही जागी नाही. निकीचा हाबेक चांगला आहे.'

दहाव्यात होतं, 'दोन जागी. बाकी सगळा निकीचा.'

अकराव्यात पाना-पानावर रेघा होत्या. खाली लिहिलं होतं, 'पुष्कळ जागी. पण हा आपला नव्हे.'

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. बारावा आला का, असं ते विचारत होते तेव्हा त्यांना पुस्तक नको होतं. निकीने मनाने रचलेला बारावा त्यांना हवा होता. तो उघडपणे मागितला असता तर तिची लबाडी उघडी पडली असती, म्हणून ते गप्प बसले. आणि हिला वाटलं, लेखकाने गोष्ट बिघडवली, तेव्हा आता सांगण्यासारखं काही उरलं नाही. निकी जमिनीवर बसून रडली. कांताबाई दारात उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत.

आता आम्ही खराडीला, नवव्या मजल्यावर राहतो. घर भाड्याचं, मालकाने भिंतीला खिळा मारायचा नाही म्हणून बजावलंय. त्यामुळे मी खाली, फरशीवर असते. फरशी पुसताना पाणी लागून माझं एक टोक फुगलं आहे. पुस्तकं मात्र रद्दीत गेली नाहीत.

मागच्या रविवारी कांताबाई डाळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बारावं सांग की ग मला. सगळं आतून ऐकत होते मी."

निकीने सुरुवात केली. हाबेकवर खोटा आळ आला होता, तो डोंगरातून परत आला, त्याने भट्टी पेटवली, बिजागरी लाल केली, चिमट्यात धरून उचलली. आणि इथे निकी थांबली. नेहमी थांबायची तिथेच. कांताबाई डाळ निवडत राहिल्या. इथे विचारायचं ते दशरथरावांनी, त्या कशा विचारणार?

"तेल," निकी हळूच म्हणाली. पुढे तिला सांगता आलं नाही.

मित्रांनो, मला पॉलिश करू नका, मोठ्या कपाटात हलवू नका. माझं फुगलेलं टोक तेवढं जमलं तर उन्हाला धरा. माझी विनंती वेगळीच आहे. तुमच्या घरात कोणी 'पुढे काय झालं?' असं विचारत असेल, तर लेखक वाईट निघाला म्हणून त्याला वाटेला लावू नका. स्वतःच्या मनाने सांगा, चुकीचं सांगा, पण तो समोर बसलेला असताना सांगा. माझ्यावर बारावी जागा बावीस मिलिमीटरची कापली होती आणि वर दोन सूत ढिलाई ठेवली होती. माप बरोबर होतं.