आवळतं, दुखत नाही

तिला सगळे पावइंच म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. बायकांचे कपडे शिवण्यात तिची हयात गेली होती, आणि पाव इंचाची चूक ती घरात कुणी गेल्यासारखी मनाला लावून घ्यायची. त्यामुळे स्वतःच्याच हातचा ब्लाउज छातीत आवळायला लागला, तेव्हा तिला काळजी वाटली ती तब्येतीची नव्हे, अब्रूची.

दुकान खाली, घर वर आणि मध्ये एक उभट लाकडी जिना. मशीनवर बसलं की ब्लाउज शहाण्यासारखा वागायचा. इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठा घेऊन ती वर निघाली की अर्ध्या जिन्यात तो असा आवळायचा, जणू कुणीतरी चुणीचा दोरा ओढून वर गाठ मारली. ती कठड्याला टेकून उभी राहायची. थोड्या वेळाने गाठ आपोआप सुटायची.

"कापड आटलंय," तिने ठरवलं आणि दोन्ही बाजूंच्या शिलाया उसवल्या. ब्लाउज पुन्हा आवळला. मग मुंढे उसवले. मग टक्स. होताहोता कपाटातला एकही ब्लाउज धड राहिला नाही. सगळे तिच्या अंगावर पोत्यासारखे लोंबायचे आणि जिन्यावर मात्र काचायचे.

"वहिनी, राग मानू नकोस," काज करता करता नणंद म्हणाली. "तू जाड झालीस."

ही नणंद तिच्याहून वयाने मोठी. नवरा गेल्यापासून घरात दोघीच उरल्या होत्या आणि सकाळपासून रात्रीपर्यंत एकमेकींना टोमणे मारत अगदी सुखात राहत होत्या.

"वन्सं, टेप घ्या आणि मोजा."

वन्संनी मोजलं. माप होतं तेवढंच होतं, उलट किंचित कमीच भरलं.

"टेप ताणलाय," वन्सं म्हणाल्या. हार मानणं त्यांच्या घराण्यात नव्हतं. "नाहीतर मग गॅस."

वन्संच्या मते जगातली निम्मी दुखणी गॅसमुळे होत आणि उरलेली निम्मी तो दाबून ठेवल्यामुळे. त्यांनी वहिनीला गरम पाणी पाजलं आणि समोर स्टूल टाकून बसल्या.

"आला ढेकर?"

"नाही."

"प्रयत्न तर कर."

"वन्सं, गिऱ्हाईक उभंय."

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने 'ॲसिडिटी' म्हणून चघळायच्या गोळ्या दिल्या. त्यांना खडूची चव होती. खडूशी तिचं जन्माचं नातं, त्यामुळे चवीबद्दल तक्रार नव्हती, पण गुणही नव्हता. मग तो म्हणाला, "मशीनवर वाकून बरगडीचा स्नायू धरला असेल. दाबून बघा, दुखलं तर तेच." तिने कलिंगड पारखावं तशी छाती सगळीकडून दाबून पाहिली. कुठेच दुखलं नाही.

"मग टेन्शन असेल," औषधवाला म्हणाला. "कसली काळजी करता का?"

"ब्लाउजची," ती म्हणाली.

पण आता तिला काळजीपेक्षा कुतूहल जास्त वाटायला लागलं होतं. शिवणातला दोष शोधायचा तर एकेक शिलाई बाद करत जायचं, ही तिची रीत. तिने ट्रंकेतून नवऱ्याचा जुना सदरा काढला. मनुष्य ऐसपैस होता. त्या सदऱ्यात दोन पावइंच मावल्या असत्या आणि वर वन्संनाही जागा उरली असती. सदरा घालून तिने छातीभोवती टेप सैलसर गुंडाळला आणि टोकं वन्संच्या हातात दिली.

"मी चढते. तुम्ही मागून या. टेपात बोट घालून ठेवा आणि तो कुठे घट्ट होतो ते सांगा."

"या वयात माझी वरात काढतेस," असं म्हणत वन्सं निघाल्या.

अर्ध्या जिन्यात पावइंच थांबली. "आता! आता आवळलं बघा!"

वन्संनी बोट फिरवलं. बोट काय, अख्खा हात आत फिरला. "वहिनी, टेप तर लोंबतोय."

"नीट बघा. पार हनुवटीपर्यंत चढलंय. कॉलर रुततेय मला."

वन्सं हळूच म्हणाल्या, "याला कॉलर नाही गं. फाटली म्हणून तूच काढली होतीस."

पावइंच घामाने भिजली होती, पण तिच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की बघत राहावं. "म्हणजे कापडाचा दोष नाही! वन्सं, माझं कटिंग चुकलं नव्हतं!"

वन्संचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. "खड्ड्यात गेलं तुझं कटिंग," त्या म्हणाल्या. "चप्पल घाल. डॉक्टरकडे चल." आणि वहिनीचा दंड त्यांनी जो धरला, तो दवाखान्याच्या बाकावर बसेपर्यंत सोडला नाही.

डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारून झाल्यावर विचारलं, "छातीत दुखतं का?"

"नाही," पावइंच म्हणाली. मागे गुडघ्यासाठी आली होती तेव्हाही तिने हेच सांगितलं होतं, आणि ते खरंच होतं.

"अगं, आवळतं ते सांग की!" वन्सं ओरडल्या.

"ते दुखणं नाही हो वन्सं. फिटिंग आहे. डॉक्टरांना कशाला?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "आवळतं कधी?"

"जिना चढताना. थांबलं की सुटतं. हल्ली लवकर सुटत नाही. आज गळ्याशीही आलं."

"तुमच्या वयाच्या कितीतरी बायका दुखतं म्हणतच नाहीत," त्या म्हणाल्या. "कुणी म्हणतं दगड ठेवलाय, कुणी म्हणतं जळजळतं, कुणी नुसतंच दमायला होतं म्हणतं. त्यात पित्त निघतं, बरगडी निघते, काळजीही निघते. पण चढलं की येतं आणि थांबलं की जातं, ते आधी हृदयाचं धरायचं आणि मग बाकीचं बघायचं. तुम्ही आता घरी जायचं नाही."

"मशीनवर अर्धा झगा तसाच आहे."

"तो मी शिवते," वन्सं म्हणाल्या. त्यांना काज-बटणापलीकडे काही येत नव्हतं हे तिघींपैकी दोघींना माहीत होतं, पण त्या क्षणी कुणीच हसलं नाही.

मोठ्या इस्पितळात तपासलं तेव्हा हृदयाची एक नळी अगदी अरुंद झालेली निघाली. तिथल्या डॉक्टरांनी आतून जाळी बसवून ती मोकळी केली. शुद्धीवर असलेल्या पावइंचने विचारलं, "मार्जिन ठेवलंय ना?"

"ठेवलंय," डॉक्टर म्हणाले.

घरी आल्यावर आधी सांगितलेली विश्रांती खाली दुकानातच झाली, मग परवानगी मिळाली, मग ती जिना चढली. वन्सं मागून आल्या, हातात टेप नसताना बोट मात्र तसंच पुढे धरून. अर्ध्यात पावइंच थांबली. वन्संनी तिचा दंड धरला.

"काय झालं?"

"काही नाही. काहीच होत नाहीये, ते बघतेय." आणि ती वर गेली.

मग तिने सगळे ब्लाउज पुन्हा मापात घेतले. शेवटचा संपवत होती, तेवढ्यात एक जुन्या गिऱ्हाईक बाई तणतणत आत शिरल्या. "हा ब्लाउज छातीत आवळतोय! तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

एरवी पावइंचने टेप उचलला असता. आज तिने चष्मा वर केला. "बसल्या बसल्या आवळतो, की चालताना?"

"म्हणजे?"

"आधी जिना चढून या."

"मी शिवून घ्यायला आलेय की कवायतीला?"

"वन्सं, यांच्यामागून जा जरा."

बाई फणफणत वर गेल्या, फणफणत खाली आल्या. घाम नाही, धाप नाही. खाली, वर, उभ्या, बसल्या, ब्लाउज सारखाच आवळत होता. वन्संनी ब्लाउजात बोट घालून पाहिलं. बोट आत जाईना.

पावइंचने सुटकेचा निःश्वास सोडला आणि कात्री उचलली.

"पेढे वाटा बाई," ती म्हणाली. "तुम्ही नुसत्या जाड झाला आहात."