दोरी कापायची नाही

मी बाहत्तर वर्षांची आहे. गुडघे कुरकुरतात आणि स्काऊट-गाईडचा जुना गणवेश कमरेत बसत नाही, म्हणून पिना लावल्यात. तरीही शनिवारी सकाळी, शाळा भरायच्या आत, मी आमच्या गाईड-खोलीच्या दारावर काठी आडवी घातली, दाराच्या दोन्ही फळ्यांच्या उभ्या मुठींना दोरीनं बांधली आणि समोर स्टूल टाकून ठाण मांडलं.

संस्थेच्या सेक्रेटरीला ही खोली पालकांना बसवायला हवी होती. सोफे, एसी, सगळा थाट. आतलं भंगार न्यायला त्यानं टेम्पोही सांगितला होता. भंगार म्हणे! चाळीस वर्षांच्या शिबिरांच्या वह्या, तुकड्यांचे झेंडे, आमच्या पहिल्या नऊ मुलींचा फोटो. मुली तंबूत झोपणार म्हटल्यावर तेव्हा भल्याभल्यांनी नाकं मुरडली होती. एक बाप तर पहिल्याच संध्याकाळी लेकीला न्यायला गाडी घेऊन आला, आणि लेक तंबूतून बाहेर येईना. आता खोली गेली की शनिवारचं पथकही बंद पडणार होतं. सेक्रेटरीला तेच हवं होतं.

"आजी, उठा बरं," तो म्हणाला.

"आजी तुझ्या घरी. इथं मला कॅप्टन म्हणतात."

त्याचा पारा चढला. "काप रे ती दोरी!" तो शिपायावर ओरडला. शिपायानं बिचकत सुरी काढली.

"थांबा."

मुख्याध्यापिका आली होती. अकरा वर्षांची असताना पहिल्या शिबिरात तीन दिवस रडली, म्हणून मी तिचं नाव रडूबाई ठेवलं होतं. आता तिची नोकरी याच माणसाच्या हातात, त्यामुळे मी तिच्याकडून काडीचीही अपेक्षा धरली नव्हती.

"दोरी कापायची नाही," ती म्हणाली. "आमच्यात दोरी सोडतात."

"मग सोडा. तुम्हाला येतं ना? खोली आज मोकळी झाली नाही, तर सोमवारी तुमची खुर्ची मोकळी करा."

इस्त्रीच्या कपड्यांनिशी ती फरशीवर गुडघे टेकून बसली आणि तिनं गाठ सोडायला घेतली. हेच शिकवलं होतं का मी हिला?

"घात केलास, रडूबाई," मी म्हणाले.

"बाई, काठी आणि मुठीच्या मधून आवळायचे वेढे तीन ना? तुम्ही दोनच घेतलेत."

मी वाकून पाहिलं. खरंच दोनच होते. बोटं हल्ली ऐकत नाहीत, पण हे मी कुणापुढे कबूल करणार होते?

तिनं तिसरा वेढा घेतला, दाराला पाय लावून दोरी करकचून ओढली, गाठ मारली आणि दुसऱ्या मुठीकडे सरकली.

"हीसुद्धा ढिली आहे," ती पुटपुटली. मग मागं न बघताच म्हणाली, "साहेब, खुर्ची सोमवारी न्या. आज शनिवार आहे. आमचं पथक भरायचंय."