चार्ज नाई ते

बल्ब तिच्या मुठीतच पेटला — ना वायर, ना होल्डर — आणि प्रेमिलाच्या हातून तो पडता पडता राहिला.

"भेऊ नका बाई," दुकानदार हसला. "बुडाच्या टिकल्यांना बोट लागलं का पेटते. लाइन गेली तरी तीन-चार घंटे चालते."

उजेडात तिची बोटं आतून लाल दिसत होती... तिनं बल्ब काउंटरवर ठेवला.

कुरखेड्याच्या या दुकानात तिला दादाजीनं, नवऱ्यानं, पाठवलं होतं. त्याच्या आईची तेरवी काल झाली. "कोनताबी लाइट आन," तो म्हणाला होता, "घरात उजेड असता तं माय गेली नसती." भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो तेरा दिवस हेच सांगत होता, आणि ती पाण्याचा गडवा पुढे करत खाली मान घालून ऐकत होती.

दुकानदारानं सोलरचा कंदील दाखवला, डोक्याला बांधायची बॅटरी दाखवली. "घरी जुनी टॉर्च असंन ना? आना, सेल बदलून देतो."

"हाय. पण चार्ज नाई ते."

बोलून गेल्यावर तिला कळलं — सासू गेली त्या रात्रीचेच शब्द, तोच सूर.

त्या वादळात झाडं तारांवर कोसळली होती आणि गावात दोन दिवस वीज नव्हती. टॉर्च घेऊन ती शेजारच्या गावच्या गिरणीवर चालत गेली, तिथल्या जनरेटरवर दोन तास लावून बसली, कारण आदल्या रात्री सासूनं, गिरजाबाईनं, ती गोठ्यात पेटती ठेवून दिली होती, सकाळपर्यंत. म्हणून तर प्रेमिलानं ती आपल्या उशीखाली ठेवली. जेवणं झाली, ती अंधारात भांडी घासत होती, पाठ मोडून आली होती, आणि मागून सासूचा आवाज आला — "प्रेमिला, टार्च दे वं, बाहेर जाच हाय."

"चार्ज नाई ते."

"राहू दे. आंगन मले ओळखते."

बस्स, एवढंच. मग न्हाणीजवळून हाक... दादाजीच्या मोबाइलच्या उजेडात दगडाखाली शिरणारी मण्यार, आणि जीपमध्ये प्रेमिलाच्या मांडीवर गिरजाबाईचं डोकं. गडचिरोलीच्या वाटेवर तिच्या पापण्या जड होत गेल्या, जीभही. तिला काही सांगायचं होतं का? मी काही मारलं नाही तिला. टॉर्च असती तरी पाय पडलाच असता, कोणाला ठाऊक — पण मग ती टॉर्च अजून उशीखाली का आहे?

बल्ब घेऊन ती बसमध्ये बसली. आज सांगायचं, तिनं ठरवलं. दादाजी मारेल, नाहीतर गप्प बसेल. गप्प बसणं जास्त वाईट... तरी सांगायचं.

दादाजीनं ओसरीवर बल्ब लावला, मेन स्विच पाडून पाहिला. बल्ब जळतच राहिला. तो खाली बसला आणि तोंड पंच्यात खुपसून रडू लागला. प्रेमिलानं तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारची मंगली आली.

"घरात टार्चबी नोती का गा, दादाजीभाऊ?" मंगलीनं विचारलं.

दादाजीनं प्रेमिलाकडे पाहिलं. संशयानं नव्हे, आठवत नव्हतं म्हणून.

"होती," प्रेमिला म्हणाली. मग थांबून — "पण चार्ज नोती. दोन दिवस लाइन नाई, कुठी करणार चार्ज?"

"खरंच व बाई," मंगलीनं सुस्कारा टाकला. "तू तरी काय करशीन?"

आवाज कापला नव्हता. हात आपोआप गडव्याकडे गेले होते. छातीत रोज उठणारी ती कळ आता येईल म्हणून प्रेमिला वाट पाहत राहिली. आली नाही. मग तिनं गिरणीतला तो दिवस मुद्दाम आठवून पाहिला — जनरेटरची धडधड, पिठाचा वास, प्लगला लावलेली टॉर्च. चार्ज झाल्यावर लागणारा टॉर्चवरचा हिरवा ठिपका मात्र काही केल्या आठवेना. लागला होता की नव्हता? नसेलही लागला... दादाजी तिला काहीतरी विचारत होता, दुसऱ्यांदा, आणि तिला आत कुठेतरी गार, हलकं वाटत होतं, आणि त्या हलकेपणापासून दूर सरकायला तिला जागाच सापडत नव्हती.