करंगळीकडची बाजू

"डोळे मिटा. कापूस लागला की 'हो' म्हणा."

बाइंडरने डोळे घट्ट मिटले. डावा तळहात टेबलावर उताणा होता. अंगठा, हो. मधलं बोट, हो. मग बराच वेळ काही नाही. शेवटी तो जोरात म्हणाला, "हो!"

"आत्ता मी लावलाच नव्हता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

शेजारी बसलेली बायको फिस्सकन हसली. "कॉपी करायची सवय जुनीच दिसतेय!" तोही हसला, पण त्याचे कान लाल झाले.

वर्षापूर्वी पुठ्ठा कापताना सुरी घसरून मनगटात, करंगळीच्या अंगाला घुसली होती. तुटलेली नस जोडली, जखमही भरली. करंगळी जागेवर होती, पण पाहुण्यासारखी. पुस्तकं तो अजून बऱ्यापैकी शिवायचा. कामाचं अडलं नव्हतं, अडलं होतं भलतीकडेच.

नवं लग्न झालेलं असताना एकदा रस्ता ओलांडताना हात धरायला बायको लाजली आणि तिने नुसती त्याची डावी करंगळी आपल्या करंगळीत अडकवली. तेव्हापासून तीच रीत. इतकी वर्षं त्या स्पर्शाकडे त्याचं लक्षही नव्हतं. आता तो त्यासाठी झुरत होता, आणि या वयात हे सांगायचं कुणाला?

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या अनामिकेवर पेनाने मधोमध उभी रेघ ओढली. "या एका बोटात दोन नसा येतात. मधल्या बोटाकडची बाजू एकीची, ती शाबूत आहे. करंगळी आणि तिच्याकडची ही बाजू दुसरीची. तुटली ती ही."

"म्हणजे एका घरात दोन जावा," बायको म्हणाली. "एक राबतेय, दुसरी रुसून बसलीय."

"रुसवा निघेल ना?" त्याने विचारलं.

"जोडलेल्या नसेतले धागे वाढत वाढत बोटापर्यंत पोचावे लागतात. एव्हाना पोचायला हवे होते." बाईंनी पेनाला टोपण लावलं. "आता फार आशा धरू नका."

बाहेर दोघं रस्त्याच्या कडेला उभी राहिली. गाड्या थांबेनात. एकदम त्याच्या बोटाला ऊब लागली. बायकोने करंगळी सोडून, रेघेच्या अलीकडे, अनामिका नि मधल्या बोटाच्या मध्ये आपलं बोट घातलं होतं. त्याचे डोळे भरून आले.

"इकडे कळतं ना?" ती म्हणाली.

तिचं मनगट वेडंवाकडं पिरगळलं होतं. त्याने हळूच तिचं बोट सोडवलं. "तिकडेच धर. नेहमीसारखं."

"अहो, तिथे तुम्हाला कळत नाही."

"तुला कळतं ना?"

रस्ता मोकळा झाला तशी दोघं निघाली.

"समोर बघून चाला," अर्ध्या रस्त्यात ती ओरडली.

तो मान खाली घालून आपल्या करंगळीकडे बघत होता. तिने धरलं होतं.